जुन्या घराचं बेसमेंट इन्सुलेट करताय? आधी भिंतीतल्या पाण्याचं काय करणार ते ठरवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. सत्तर-ऐंशी वर्षांचं घर, कडाक्याच्या थंडीचा भाग, बेसमेंटच्या काही भिंती दगडी आणि काही काँक्रीट ब्लॉकच्या, हिवाळ्यात वरच्या मजल्यावर पाय ठेवला की गारठा लागतो. कॉन्ट्रॅक्टर म्हणतोय भिंतीला लागून लाकडी फ्रेम उभी करू, मध्ये ग्लासवूल (काचेच्या धाग्यांची लोकर) भरू, वरून प्लास्टिकचा कागद मारू आणि जिप्सम बोर्ड लावून टाकू, आठवड्यात काम खतम. करावं का?

माझं स्पष्ट उत्तर, असं करू नका. गेली बरीच वर्षं मी जुन्या घरांचीच कामं करतोय आणि त्यात बेसमेंट उघडून परत करायची जी कामं येतात त्यातली बहुतेक नेमकी याच पद्धतीची असतात. कॉन्ट्रॅक्टर लबाड असतो असं नाही हो, वरच्या मजल्याच्या भिंतीला जे चालतं तेच तो खाली लावतो, आणि बेसमेंटची भिंत वेगळी वागते हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

वेगळी म्हणजे कशी ते आधी बघू, कारण हे कळलं की पुढचे सगळे निर्णय आपोआप सुटतात. वरच्या मजल्याच्या भिंतीला दोन्ही बाजूंनी हवा असते, ओल आली तरी ती बाहेर किंवा आत कुठूनतरी सुकते. बेसमेंटची भिंत मात्र बहुतेक जमिनीत गाडलेली, आणि बाहेरची माती बारा महिने ओलसरच, त्यामुळे जमिनीखालच्या भागाला सुकायला एकच बाजू उरते, ती म्हणजे आतली. त्यात दगड, चुना, काँक्रीट हे सगळे पाणी शोषून वर ओढणारे, आणि जुन्या घरांत पायाखाली किंवा भिंतीबाहेर ओल अडवणारा थर बहुतेक वेळा नसतोच. म्हणजे तुमची भिंत आजही रोज थोडंथोडं पाणी आत सोडतेय, फक्त भिंत उघडी आहे आणि हवा खेळती आहे म्हणून ते उडून जातं आणि तुम्हाला जाणवत नाही.

आता त्याच भिंतीसमोर ग्लासवूल आणि प्लास्टिक उभं केलं की काय होतं बघा. ग्लासवूल उष्णता अडवतं पण हवा अडवत नाही. खोलीतली उबदार हवा स्विचबॉक्सच्या फटीतून, खालच्या पट्टीखालून, वरच्या कडेने आत शिरते आणि थेट गार काँक्रीटला जाऊन भिडते. २० डिग्री तापमान आणि ४० टक्के आर्द्रता असलेल्या हवेचा दवबिंदू साधारण ६ डिग्री असतो, म्हणजे ६ डिग्रीपेक्षा गार असलेल्या कुठल्याही पृष्ठभागावर त्या हवेतलं पाणी बसणार. आणि इन्सुलेशन लावल्यामुळे भिंत आधीपेक्षा जास्त गार झालेली असते, कारण घराची ऊब आता तिच्यापर्यंत पोचतच नाही! जमिनीवरचा जो भाग आहे तो भर थंडीत शून्याच्याही खाली जातो. उन्हाळ्यात याच्या उलट, भिंतीतली ओल वाफ होऊन आत यायला बघते, आणि प्लास्टिक तिला अडवतं, मग प्लास्टिकच्या मागच्या बाजूला थेंब.

अशी भिंत उघडली की दिसतं ते प्रत्येक ठिकाणी जवळजवळ सारखंच असतं. जिप्सम बोर्ड काढला की आधी प्लास्टिक दिसतं, त्याच्या मागे थेंबांचे ओघळ. प्लास्टिक फाडलं की ग्लासवूल वरच्या एक-दीड फुटात काळपट पडलेलं (तिथे हवा गळते, धूळ गाळली जाते) आणि खालच्या चार-सहा इंचांत ओलं होऊन खाली बसलेलं. फ्रेमची खालची आडवी पट्टी कोब्यावर थेट ठेवलेली असते, तिच्यात स्क्रूड्रायव्हर टोचला तर मऊ लागतो. आणि तो वास, ज्याला घरातले लोक ‘बेसमेंटचा वास’ म्हणून सोडून देतात, तो बुरशीचा असतो. समोरून मात्र सगळं छान रंगवलेलं.

म्हणून जाडी किती, आर-व्हॅल्यू (म्हणजे उष्णता अडवायची ताकद, आकडा जितका मोठा तितकं चांगलं) किती, हे प्रश्न नंतरचे. पहिला प्रश्न, पाणी कुठून येतंय.

त्यातलं सगळ्यात जास्त पाणी छपरावरून येतं आणि ते थांबवणं सगळ्यात स्वस्तही पडतं, तरी लोक त्याकडे बघत नाहीत. १००० चौरस फूट छपरावर एक इंच पाऊस पडला की जवळपास २३०० लिटर पाणी होतं. पन्हळी तुंबलेल्या असतील किंवा खाली उतरणारा पाईप भिंतीच्या बुडाशीच मोकळा सुटत असेल तर ते सगळं तुम्ही स्वतःच्या पायात ओतताय. पाईप वाढवून पाणी भिंतीपासून निदान सहा फूट लांब सोडा. काही जुन्या घरांत हे पाईप जमिनीखालच्या मातीच्या नळांना जोडलेले असतात, ते नळ कधीच फुटून मुळांनी भरलेले असतात, तेव्हा पाणी खाली जाताना दिसतं म्हणून समाधान मानू नका, ते कुठे बाहेर पडतंय ते शोधा. मग जमिनीचा उतार. घराभोवतीची माती वर्षानुवर्षं बसत जाते आणि उतार घराकडे होतो. पहिल्या दहा फुटांत सहा इंच उतार बाहेरच्या बाजूला हवा, आणि माती चिकण असेल तर उत्तम, वाळू टाकून काही उपयोग नाही, पाणी सरळ खाली उतरेल.

हे केल्यावर घाई करू नका. एक मोठा पाऊस आणि एक बर्फ वितळायचा हंगाम जाऊ द्या, मग भिंत काय म्हणते ते बघा. भिंतीवर पांढरे क्षार आलेत का, रंगाचे पोपडे सुटलेत का, ओलीची रेघ किती उंचीवर आहे, पावसानंतर ती वर चढते का, हे खडूने खूण करून तारीख टाकून ठेवा. ओल बाहेरून येतेय का खोलीतल्या हवेतली भिंतीवर बसतेय हे कळत नसेल तर दोन फूट बाय दोन फूट प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपने भिंतीला घट्ट चिकटवा, दोन-तीन दिवस ठेवा. प्लास्टिकच्या मागे भिंतीकडच्या बाजूला ओल दिसली तर भिंतीतून येतेय, खोलीकडच्या बाजूला दिसली तर ती हवेतली. दोन्हीकडे दिसली तर दोन्ही. उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात वेगवेगळं उत्तर येऊ शकतं म्हणून एकदाच करून थांबू नका.

एक गोष्ट आवर्जून सांगतो, आतून वॉटरप्रूफ पेंट मारून ओल बरी होत नाही. पाणी भिंतीत असतंच, ते रंगामागे साठतं, क्षार तिथेच स्फटिक होऊन वाढतात आणि रंगासकट दगडाचा किंवा ब्लॉकचा पृष्ठभाग उकलून टाकतात. वर्ष-दोन वर्षं छान दिसतं म्हणून लोकांचा विश्वास बसतो.

छपराचं पाणी आणि उतार दोन्ही नीट करूनही कोब्याच्या कडेने पाणी येत असेल तर भूजलाचा प्रश्न आहे, मग आतल्या बाजूने भिंतीलगत चर खणून छिद्रांचा पाईप, खडी आणि पंपाचा खड्डा करावा लागतो किंवा बाहेरून खणून भिंतीला वॉटरप्रूफिंग आणि ड्रेनेज बोर्ड लावावा लागतो. बाहेरून खणायची वेळ आलीच तर इन्सुलेशनही तेव्हाच बाहेरून करा, ते तत्त्वतः सगळ्यात चांगलं, भिंत उबदार राहते आणि कोरडीही. पण निव्वळ इन्सुलेशनसाठी बाहेरून खणणं सहसा परवडत नाही, आणि दगडी पाया असेल तर सगळ्या बाजू एकदम उघड्या करणं धोक्याचं असतं, मातीचा आधार गेला की जुनी दगडी भिंत हलते. टप्प्याटप्प्याने आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारूनच. तसंच ब्लॉकच्या भिंतीत मधल्या उंचीवर आडवी लांब भेग असेल किंवा भिंत आत फुगलेली असेल तर इन्सुलेशनचा विषय बाजूला ठेवा, आधी इंजिनिअर. असल्या भिंतीवर फोम चिकटवला की ती भेग वाढतेय का हे परत कधी दिसणार नाही.

आता वरच्या गारठ्याकडे येऊ, कारण मूळ तक्रार ती आहे. माझा अंदाज असा की त्याचा मोठा भाग भिंतीतून नाही तर भिंतीच्या डोक्यावरून येतोय. पायाच्या भिंतीवर एक आडवं लाकूड टाकलेलं असतं, त्याला सिल म्हणतात, त्यावर वरच्या मजल्याचे वासे टेकतात आणि वाशांची टोकं झाकणारी फळी घराभोवती फिरते, ती रिम जॉइस्ट. जुन्या घरात दगडाचा माथा वेडावाकडा, त्यावर सरळ लाकूड, म्हणजे मध्ये फटी असणारच. हिवाळ्यात घरातली गरम हवा वर जाऊन माळ्यातून निसटते आणि तिची जागा घ्यायला थंड हवा खालून, याच फटींतून, आत ओढली जाते. वारा असलेल्या थंड दिवशी एक उदबत्ती पेटवून वाशांच्या टोकांजवळून फिरवा, धूर कुठे आडवा पळतो ते बघा आणि तिथे खडूने खूण करा. खिडकीपेक्षा जास्त वारा इथून येतो हे लोकांना स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय पटत नाही.

बाकी काहीच करायचं नसेल तरी एवढं करा. दोन वाशांमधल्या प्रत्येक कप्प्यात दोन इंची फोम बोर्डाचा तुकडा, चारी बाजूंनी अर्धा सेंटीमीटर लहान कापून बसवायचा आणि कडा कॅनमधल्या स्प्रे फोमने भरायच्या. किंवा सगळंच क्लोज्ड सेल स्प्रे फोमने (फवारल्यावर फुगून घट्ट होणारा, बंद पेशींचा फोम) दोन इंच मारून घ्यायचं, वेळ वाचतो, वेडेवाकडे कोपरे भरतात. तिथे नुसतं ग्लासवूल कोंबू नका, हवा त्यातून जाते आणि त्यामागे फळीवर बर्फाचा पातळ थर बसलेला मी बघितलाय.

पण फोम मारायच्या आधी सिल तपासा. लाकडातली ओल मोजायचं साधं मीटर मिळतं, दोन पिनांचं, ते ठिकठिकाणी टोचा. १५-१६ टक्क्यांच्या आत असेल तर बिनधास्त पुढे जा, २० च्या वर असेल तर थांबा, कारण ते लाकूड ओल्या दगडातून पाणी ओढतंय आणि आतापर्यंत घराच्या उबेने सुकून टिकलंय, तुम्ही ते झाकलंत की ते गारही राहील आणि ओलंही. बाहेरची माती सिलच्या फार जवळ आलेली असेल तर आधी ती उतरवा, सिल जमिनीपासून निदान आठ इंच वर असावी. मोठ्या तुळया दगडात खोबणी करून टेकवलेल्या असतात, ती टोकं मी कधी फोमने गाडत नाही, भोवती थोडी मोकळी जागा सोडतो म्हणजे लाकडाला हवा लागते आणि टोक डोळ्यांनी बघता येतं. तिथून थोडी ऊब गेली तर जाऊ दे, तुळई कुजली तर काय करणार.

ब्लॉकच्या भिंतीत अजून एक गोष्ट लपलेली असते. ब्लॉक आतून पोकळ, आणि जुन्या कामात सगळ्यात वरची ओळ उघडीच सोडलेली असते, म्हणजे अख्खी भिंत आतून एक हवेचा पोकळ मार्ग असतो. खालची दमट हवा, मातीतला वायू, सगळं त्या पोकळ्यांतून वर येतं. वरच्या तोंडांत फोमचे तुकडे किंवा काँक्रीट भरून ती बंद करा. फक्त हात घालायच्या आधी टॉर्चने आत बघा, काही जुन्या घरांत या पोकळ्यांत व्हर्मिक्युलाईट भरलेलं असतं, राखाडी-सोनेरी चमकणारे हलके खडे, त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं. दिसलं तर हलवू नका, आधी लॅबमधून तपासून घ्या. जुन्या बॉयलरच्या पाईपांवर पांढरं प्लास्टरसारखं गुंडाळलेलं असेल तर त्याचंही तेच.

मग मुख्य भिंत. काँक्रीट किंवा ब्लॉकची सपाट भिंत असेल तर माझी पहिली पसंती फोम बोर्डच, थेट भिंतीला चिकटवून. तत्त्व एकच, खोलीतल्या हवेला गार भिंत सापडूच द्यायची नाही. थंड पाण्याच्या बाटलीला बाहेरून घाम येतो पण तिला घट्ट जाड कव्हर घातलं की येत नाही, तसंच, पण कव्हर घट्ट हवं, हवा मागे शिरली तर कव्हर असून नसल्यासारखं. एक्सपीएस (घट्ट, गुळगुळीत पॉलिस्टायरीन फोम) दर इंचाला साधारण आर-५, ईपीएस (थर्माकोलसारखा दाणेदार) साधारण आर-४. दोन इंच एक्सपीएस म्हणजे आर-१०, ही मी कमीत कमी धरतो, जास्त थंड भागात तीन इंच. हे दोन्ही फोम थोडी थोडी वाफ जाऊ देतात, ईपीएस जरा जास्तच, त्यामुळे भिंतीला हळूहळू आत सुकायला वाव राहतो. म्हणून ॲल्युमिनियम फॉईल चिकटवलेले बोर्ड ओलसर जुन्या भिंतीवर मी टाळतो, भिंत खरोखर कोरडी असेल तर चालतात.

बोर्ड लावताना फोमला चालणारा गोंद वापरा (साधा गोंद फोम खाऊन टाकतो), आणि तो ठिपक्यांत न लावता पट्ट्यांत लावा म्हणजे मागे हवा फिरत नाही. सांधे टेपने बंद, वरची कड आणि खालची कड फोमने सील, आणि वरची कड रिम जॉइस्टच्या फोमला जोडलेली पाहिजे, मध्ये दोन इंच काँक्रीट उघडं राहिलं तरी नेमकं तिथेच पाणी बसतं. खिडकीच्या बाजूचे जाड काठ लोक हमखास विसरतात, तिथे जागा नसेल तर एक इंच लावा पण लावा.

फोमसमोर लाकडी फ्रेम उभी करायला हरकत नाही, वायरिंगला सोयीचं पडतं. खालची पट्टी कोब्यावर थेट नको, खाली फोमची पातळ पट्टी टाका. फ्रेममध्ये अजून इन्सुलेशन भरायचं असेल तर जरा गणित करा. समजा हिवाळ्याची सरासरी उणे ५, आत २०, भिंत आणि दोन इंच फोम मिळून साधारण आर-११, आणि फ्रेममध्ये आर-१३ चं ग्लासवूल किंवा रॉकवूल (दगड वितळवून केलेली लोकर), तर फोमच्या आतल्या पृष्ठभागावर साडेसहा डिग्रीच्या आसपास तापमान राहतं, म्हणजे वर सांगितलेल्या ६ डिग्री दवबिंदूच्या जेमतेम वर. तोच फोम एक इंच केला तर तिथे तीन डिग्री, आणि मग फोमवरच पाणी. कडाक्याच्या रात्री दोन इंचालाही ते खाली जाईल, पण थोडा वेळच, लाकूड आणि बोर्ड तेवढी ओल पचवतात. तेव्हा नियम असा धरा की एकूण आर-व्हॅल्यूतला निदान अर्धा वाटा फोमचा, जास्त थंडी असेल तर अर्ध्याहून जास्त, आणि आतमध्ये लोकर भरलीच तर रॉकवूल बरं, ओलं झालं तरी बसत नाही. प्लास्टिकचा कागद कुठेही नको. काही ठिकाणी नियमात आतून व्हेपर बॅरियर (वाफ अडवणारा थर) मागतात, तिथे इन्स्पेक्टरशी आधीच बोला, पुरेशा जाडीचा फोम बहुतेक ठिकाणी त्याच कामासाठी मान्य होतो.

दगडी भिंतीला बोर्ड चिकटणार नाही, खड्डे-उंचवटे असतात, मागे पोकळी राहते आणि तिथे हवा फिरते. तिथे क्लोज्ड सेल स्प्रे फोम हा व्यवहारी मार्ग, पण त्याआधी दोन गोष्टी. एक, दर्जा म्हणजे दगडांमधले सांधे तपासा. जुन्या दगडी कामात चुन्याचा मसाला असतो, तो नखाने खरवडून पडत असेल तर दर्जा परत भरून घ्या आणि चुन्यानेच भरा, कडक सिमेंटने नको, सिमेंट ओल अडवतं आणि मऊ दगडाची कड फुटते. दोन, पाणी प्रत्यक्ष वाहतं अशी भिंत असेल तर फोमच्या आधी भिंतीला उंचवट्यांची ड्रेनेज शीट लावून ती खालच्या चरात सोडा, फोम त्यावर. स्प्रे फोम परत काढता येत नाही हे लक्षात ठेवा, दगडावरून तो खरवडताना मसालाही निघतो, त्यामुळे खात्री झाल्याशिवाय मारू नका. मारणारा माणूस चांगला हवा, भिंत फार गार असताना किंवा एकदम जाड थर दिला तर फोम नीट धरत नाही आणि वास महिनोन्महिने जात नाही, त्या दिवशी घरातले सगळे बाहेर राहा आणि उत्पादक सांगेल तेवढा वेळ परत येऊ नका.

भाजक्या विटांचा पाया जमिनीवर दिसत असेल तर तिथे मी जास्त सावध असतो. आतून इन्सुलेट केल्यावर वीट गार पडते, कमी सुकते, आणि ओली वीट वारंवार गोठली-वितळली की तिचे पापुद्रे निघतात. बाहेरच्या विटा आत्ताच पापुद्रे सोडत असतील तर आतून इन्सुलेशन करूच नका, आधी पाणी कमी करा.

सगळ्या उंचीला करायचं का फक्त वर? बजेट कमी असेल तर वरून सुरुवात करा, कारण जमिनीवर दिसणारा भाग सगळ्यात जास्त उष्णता घालवतो. हिशोब करून दाखवतो. घराचा घेर ४० मीटर, त्यातला ६० सेंटीमीटर पट्टा जमिनीवर, म्हणजे २४ चौरस मीटर. आठ इंच उघडं काँक्रीट, आत-बाहेर ३० डिग्रीचा फरक, तर एवढ्याशा पट्ट्यातून साधारण अडीच किलोवॉट उष्णता सतत बाहेर जाते, म्हणजे दोन रूम हीटर रात्रंदिवस अंगणात लावल्यासारखं. दोन इंच फोम लावला की ते साडेतीनशे वॉटच्या आसपास येतं. जमिनीखाली दोन-तीन फुटांनंतर फायदा कमी कमी होत जातो. तरी बेसमेंट राहायला वापरणार असाल तर खालपर्यंत कराच, उन्हाळ्यातल्या दमट हवेचा दवबिंदू २० च्या वर असू शकतो आणि भिंतीचा खालचा भाग तेव्हा पंधराच्या आसपास असतो, तिथे सामान लावून ठेवलेलं असलं की मागे बुरशी ठरलेली.

कोब्याबद्दल फार लिहीत नाही. उंची असेल तर उंचवट्यांची प्लास्टिक शीट किंवा एक इंच एक्सपीएस आणि त्यावर प्लायचे दोन थर, पुरे. उंची नसेल तर फरशी बसवा आणि गालिचा नको. ओल येणाऱ्या कोब्यावर गालिचा म्हणजे बुरशीला आमंत्रण.

जिवाशी संबंधित चार गोष्टी आहेत, त्या वगळून कुणी काम करत असेल तर त्याला काम देऊ नका. फोम उघडा ठेवायचा नाही, पेटला तर भयंकर विषारी धूर होतो, त्यावर अर्धा इंच जिप्सम बोर्ड किंवा मान्यता असलेला दुसरा आवरणथर लागतोच, रिम जॉइस्टसाठी नियम थोडे वेगळे असतात ते स्थानिक ऑफिसात विचारा. जुनं वायरिंग असेल, चिनी मातीच्या बुट्ट्यांवरून ओढलेल्या सुट्या तारा, तर त्या इन्सुलेशनमध्ये गाडल्या की तापतात, आधी बदला. बेसमेंटमधला बॉयलर किंवा गीझर खोलीतलीच हवा घेऊन जळत असेल तर फटी बंद केल्यावर त्याला हवा कमी पडून धूर चिमणीतून उलटा घरात येऊ शकतो, कार्बन मोनॉक्साईडचा अलार्म लावा आणि काम झाल्यावर टेक्निशियनकडून ड्राफ्ट (धूर चिमणीतून नीट वर ओढला जातोय का) तपासून घ्या. चौथं रेडॉन. मातीतून येणारा हा किरणोत्सारी वायू, वास नाही, रंग नाही, फुफ्फुसाच्या कॅन्सरचं एक मोठं कारण. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरासाठी १०० बेक्वेरेल प्रति घनमीटर ही पातळी सुचवलीय. कामाच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा मोजा, थंडीत मोजा, घर बंद असतं तेव्हा. जास्त निघालं तर कोब्याखालची हवा पाईप आणि पंख्याने छपरावर सोडायची व्यवस्था करतात, आणि ती फिनिशिंगच्या आधी करणं कितीतरी सोपं.

भिंती सोडून बेसमेंटच्या छतालाच इन्सुलेशन भरू का असंही बरेच जण विचारतात. बेसमेंटमध्ये पाण्याचे पाईप आणि बॉयलर असेल तर नको. छत बंद केलं की बेसमेंट जास्त गार पडतं, पाईप गोठून फुटायची भीती, आणि वाशांमधून जाणाऱ्या शंभर फटी कुणी नीट बंद करत नाही. बेसमेंट खरंच न वापरता सोडायचं असेल, पाईप नसतील, तरच.

काम झाल्यावर उन्हाळ्यात बेसमेंटच्या खिडक्या उघडून ‘हवा खेळवणं’ बंद करा, बाहेरची दमट हवा आत येऊन गार पृष्ठभागावर पाणीच सोडते. खिडक्या बंद, डिह्युमिडिफायर (हवेतली ओल काढणारं यंत्र) चालू, आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास, आणि त्याची नळी सरळ ड्रेनमध्ये सोडा, बादली रिकामी करायला महिनाभराने कुणी जात नाही. हिवाळ्यात आर्द्रता ४० च्या वर जाऊ देऊ नका, वरचं सगळं गणित त्यावर उभं आहे.

तुमच्या घरासाठी म्हणाल तर या वर्षी पन्हळी, उतार आणि रिम जॉइस्ट एवढंच करा, एक हिवाळा आणि एक वसंत भिंतीवरच्या खडूच्या खुणा बघा, पुढच्या वर्षी ब्लॉकच्या भिंतींना फोम बोर्ड, आणि दगडी बाजूचा निर्णय सगळ्यात शेवटी. फिनिश करताना उत्तरेकडच्या कोपऱ्यात आणि एका तुळईच्या टोकाशी जिप्सम बोर्डात छोटी झाकणं ठेवून घ्या, स्क्रूने उघडता येतील अशी, आणि थंडी संपता संपता तिथे मीटर टोचून आकडा लिहून ठेवत जा. वर्षागणिक तो चढत गेला, तर भिंत उघडायची वेळ यायच्या आधीच परत बाहेर जाऊन पन्हळीपासून बघायला सुरुवात करा.